पहिल्या पॅचला उत्तर कोण देणार?

ओपन सोर्सबद्दल मराठीत जे काही लिहून येतं त्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे लिनक्सची जन्मकथा: 1991 साली हेलसिंकीतला एक विद्यार्थी हौस म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतो आणि बघता बघता तिच्यावर अर्धं जग चालू लागतं. दुसरी म्हणजे विद्यार्थ्यांना उपदेश: गिटहबवर खातं उघडा, चार पुल रिक्वेस्ट पाठवा, रेझ्युमेत एक ओळ वाढेल. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरीही अगदीच खोटी नाही. पण या दोन्हींच्या मध्ये जे घडतं तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. लातूरच्या किंवा लागोसच्या कोणा अनोळखी माणसाने आपला पहिला पॅच पाठवला, तो प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या पडद्यावर पोचला. आता पुढे काय? हे पुस्तक त्या 'पुढे काय'बद्दल आहे.

पुष्कळदा पुढे काहीच होत नाही. आठवडा जातो, महिना जातो. पाठवणारा आधी रोज पान उघडून पाहतो, मग दिवसाआड, मग विसरून जातो. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही राहत नाही. प्रकल्पाच्या लेखी तो कधी आलाच नव्हता.

ओपन सोर्सचे परवाने बरंच काही देतात. जीपीएल असो, एमआयटी असो की अपाची, कोड वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क तुमचा. पण तुमच्या बदलाला कोणी उत्तर द्यावं, चुकलं असेल तर कुठे चुकलं ते सांगावं, असं कुठलाही परवाना म्हणत नाही. उलट 'आहे तसं घ्या, हमी नाही' हे मात्र त्यात आवर्जून लिहिलेलं असतं. कोड खुला होतो तो कायद्याने. प्रकल्पात शिरकाव होतो तो आत बसलेल्या एखाद्या माणसाने वेळ काढला तरच. या प्रस्तावनेत मला जे म्हणायचं आहे ते एवढंच: नवख्याचं स्वागत हा शिष्टाचाराचा भाग समजला जातो, पण ते काम आहे, वेळखाऊ काम आहे, आणि ते कोण करणार हे ठरवल्याशिवाय कोणालाही बोलावू नये.

याचा सर्वांत नीट नोंदवलेला पुरावा सॉफ्टवेअरमधून मिळत नाही, तो विकिपीडियातून मिळतो. इंग्रजी विकिपीडियावर नियमित संपादन करणाऱ्यांची संख्या 2007 मध्ये शिखरावर होती, सुमारे 51,000. 2013च्या उन्हाळ्यापर्यंत ती 31,000च्या आसपास आली. वाचक वाढत होते, लेख वाढत होते आणि माणसं कमी होत होती. नव्याने येणारी माणसंच पूर्वीसारखी राहिली नाहीत, असा सोयीस्कर अंदाज बांधता आला असता. अ‍ॅरन हाफाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटं दिसलं. नवख्यांची गुणवत्ता घसरलेली नव्हती. बदललं होतं ते त्यांना मिळणारं पहिलं उत्तर. नासधूस करणाऱ्यांना आवरण्यासाठी जी स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित साधनं बनवली गेली, त्यांनी प्रामाणिक नवख्यांचे बदलही झपाट्याने परतवून लावले. कोणीतरी संध्याकाळभर बसून परिच्छेद लिहायचा आणि मिनिटाभरात तो गायब, जागेवर ठरावीक मजकुराची सूचना. नवख्यांना चावू नका, असं सांगणारं मार्गदर्शक पान विकिपीडियावर तेव्हाही होतं. पान होतं, पण पानाला वेळ नसतो, माणसाला असतो.

2012 मध्ये विकिपीडियाने 'टीहाउस' सुरू केलं: नवख्याने कितीही बाळबोध प्रश्न विचारावा आणि नाव घेऊन, सरळ भाषेत उत्तर द्यायला कोणीतरी हजर असावं. तंत्रज्ञान म्हणाल तर त्यात काहीच नव्हतं. उत्तर देणारे यजमान मात्र ठरलेले होते, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येतो, आणि इथे एका प्रकल्पाजवळ जरा थांबणार आहे, कारण त्यांनी जे केलं ते अनुकरणीय आहे आणि आपल्याकडे फारसं ठाऊक नाही.

लिबरऑफिस आज सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत अनेक ठिकाणी वापरलं जातं. त्याचं मूळ जर्मनीत 1985 मध्ये सुरू झालेल्या स्टारडिव्हिजन कंपनीत. तिचं स्टारऑफिस 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं, 2000 मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस.ऑर्ग म्हणून खुला झाला, पुढे सनच ओरॅकलच्या पोटात गेली आणि 28 सप्टेंबर 2010 रोजी अस्वस्थ झालेल्या मंडळींनी लिबरऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. वाटणीत हाती आला तो लाखो ओळींचा, पंचवीस वर्षांचे थर चढलेला कोड. त्यात जुनेजाणतेही चाचपडत. भरीस भर म्हणजे कोडमधल्या टिपा ठिकठिकाणी जर्मन भाषेत, कारण लिहिणारे जर्मन होते आणि आपला कोड कधी साऱ्या जगाने वाचावा लागेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

अशा ठिकाणी 'या, मदत करा' असं नुसतं म्हणून कोण येणार? लिबरऑफिसवाल्यांनी 'ईझी हॅक्स' नावाची यादी केली. यादी म्हणजे नुसती शीर्षकं नव्हेत. काम काय आहे, ते का करायचं, कोडमध्ये कुठे पाहायचं, कितपत अवघड आहे, कोणती भाषा यायला हवी, हे जाणकारांनी बसून लिहिलं. आणि या कामांतलं एक होतं जर्मन टिपांचं इंग्रजी भाषांतर. सी प्लस प्लसमध्ये कच्चा पण जर्मन जाणणारा माणूस इथे पहिल्या दिवसापासून उपयोगी. दुसरं काम होतं मेलेला कोड, म्हणजे कुठूनच न बोलावला जाणारा कोड, शोधून काढून टाकण्याचं.

यातली हुशारी पटकन लक्षात येत नाही. टिपेचं भाषांतर सोपं; पण ते पाठवण्यासाठी पूर्ण सोर्स उतरवून घ्यावा लागतो, आपल्या मशीनवर तो बिल्ड करावा लागतो (साध्या लॅपटॉपवर हे तासांचं काम आहे), बदल नोंदवावा लागतो, रिव्ह्यूला पाठवावा लागतो, आलेल्या सूचनेप्रमाणे पुन्हा दुरुस्त करावा लागतो. काम लहान, वाट मात्र पूर्ण. दुसऱ्या पॅचच्या वेळी त्या माणसाला वाट पाठ झालेली असते आणि मग डोकं खऱ्या प्रश्नाला लावता येतं. शिवाय प्रकल्पाला हे काम खरोखर हवं होतं. नवख्याच्या समाधानासाठी हाती दिलेलं खेळणं नव्हतं ते. आज कित्येक प्रकल्पांत 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेल्या नोंदी असतात. त्यातल्या बऱ्याच म्हणजे मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, कंटाळून बाजूला टाकलेल्या एका ओळीच्या तक्रारी: ना संदर्भ, ना फाइलचा पत्ता. लेबल डकवायला पाच सेकंद लागतात. लिबरऑफिससारखी नोंद लिहायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात जाणकाराने ते काम स्वतःच उरकलं असतं. हा अर्धा तास 'वाया' घालवायची तयारी आहे का, एवढाच प्रश्न असतो.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब या गणिती आकडेमोडीच्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' योजना काढली. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातलं एक प्रमाणित पुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये कोड करायची. उत्तर पुस्तकातच छापलेलं असल्यामुळे आपलं बरोबर की चूक हे ज्याचं त्याला तपासता येतं. मग तपासनीस पाहतात, दुरुस्त्या सांगतात, आणि काम विद्यार्थ्याच्या नावानिशी सर्वांसाठी खुलं होतं, मानधनही मिळतं. देशभरातल्या कॉलेजांतून अशी शेकडो पुस्तकं तयार झाली. याला ओपन सोर्स म्हणायचं का, असं नाक मुरडणारे मला भेटले आहेत. मी तरी म्हणतो. अनोळखी मुलाच्या हाती नेमकं काम दिलं, तपासणारा माणूस आधी नेमला, आणि नाव त्याचं लावलं. मोठमोठ्या नावाजलेल्या प्रकल्पांना यातलं पहिलं जमतं, दुसरं जमत नाही.

दार उघडं आहे, ज्याला यायचं तो येईल, हा युक्तिवाद ओपन सोर्समध्ये फार ऐकू येतो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाने 2006 मध्ये त्याचा निकाल लावला. गुगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी योजनेसाठी त्यांच्याकडे 181 अर्ज आले आणि त्यात एकही मुलीचा नव्हता. दार तर सताड उघडं होतं. मग त्यांनी फक्त मुलींसाठी स्वतंत्र योजना जाहीर केली, तेव्हा अर्ज आले. म्हणजे येऊ शकणाऱ्या होत्या, आपल्याला बोलावलं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. तीच योजना 2010 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि आज आउटरीची या नावाने चालते. तिच्या रचनेतल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. अर्जाच्या काळातच उमेदवाराला प्रकल्पात प्रत्यक्ष काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि निवड झाली की पूर्ण काळ पैसे आणि एक नेमलेला मेंटॉर मिळतो. घरी लॅपटॉप एकच, फी भरायची आहे, संध्याकाळी शिकवण्या घ्यायच्या आहेत, अशा मुलीला 'हौस म्हणून कर' सांगणं म्हणजे तिला नको सांगणंच. फुकट वेळ हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि ती सर्वांकडे सारखी नसते.

लिनक्स कर्नलच्या शिवराळपणाबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटपतो. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली, आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं. मात्र त्याच कर्नलमध्ये 2008 पासून 'स्टेजिंग' नावाचा एक कोपरा आहे. अजून मुख्य प्रवाहात घेण्याइतके नीटनेटके नसलेले ड्रायव्हर तिथे ठेवतात आणि नवख्यांनी ते साफसूफ करत शिकायचं असतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोड बोलणं म्हणजे स्वागत, असा समज अलीकडे फोफावला आहे. इमोजी टाकून 'थँक्यू फॉर युअर फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन' म्हणणारा बॉट आणि त्यानंतर तीन महिन्यांची शांतता, यापेक्षा 'हे चालणार नाही, कारण अमुक. तमुक करून पाहा' असं रोखठोक उत्तर दुसऱ्या दिवशी आलेलं कधीही चांगलं. अपमान नको, हे उघडच आहे. पण गोडवा आणि मदत या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. 2020 मध्ये साधा नियम होता: महिन्यात चार पुल रिक्वेस्ट करा, टीशर्ट मिळवा. त्या वर्षी प्रकल्पांवर कचऱ्याचा पूर आला. कुठे एक शब्द वाढवलेला, कुठे 'अमेझिंग प्रोजेक्ट' असा मथळा चिकटवलेला. यात भारतातून आलेल्यांचा भरणा मोठा होता, आणि एका लोकप्रिय भारतीय व्हिडिओने वाट दाखवली होती. आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरावे लागले. पुढे 2024च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट प्रकल्पाची तीच गत झाली. पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे शिकवणाऱ्या आणखी एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल तो प्रकल्प दाखवला होता. पाहणाऱ्यांनी तेच गिरवलं आणि रीडमी फाइलमध्ये आपापलं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा ढीग लागला.

तेव्हा या मुलांची यथेच्छ टिंगल झाली. मला त्यांचा राग येत नाही. अख्ख्या गावाला पंगतीचं आमंत्रण धाडायचं आणि वाढपी कोण हे ठरवायचंच नाही, असा हा प्रकार. मुलांना कुणी तरी सांगितलं होतं की असं केल्याने नोकरी मिळते. प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत, दमलेला माणूस बसला आहे हे कोणीच सांगितलं नव्हतं. दोष द्यायचाच तर आकड्यांवर बक्षीस ठेवणाऱ्यांना आणि इंटर्नशिपसाठी गिटहबवरचे हिरवे चौकोन मोजणाऱ्या आपल्या कॉलेजांना द्यावा.

आपल्या नवख्याच्या काही खास अडचणीही आहेत, आणि परदेशी मेंटेनरला त्या दिसत नाहीत. तो सुरुवात करतो 'रिस्पेक्टेड सर'ने, मग पलीकडे बाई असो वा एकोणीस वर्षांचा पोरगा. तो आधी परवानगी मागतो: 'प्लीज असाइन मी धिस इश्यू'. शाळेपासून शिस्तच अशी की बाईंनी सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. ओपन सोर्समध्ये परवानगी देणारं कोणी नसतं; करून दाखवायचं असतं. मेंटेनरला ही विनंती म्हणजे ताप वाटते, कारण असाइन झाल्यावर पुष्कळ जण परत दिसत नाहीत. शंका चारचौघांत विचारायची लाज वाटते म्हणून तो खासगी निरोप धाडतो, आणि तो अनुत्तरित राहतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतली एक ओळ लिहायला अर्धा तास लागतो. त्यावर 'टेस्ट कुठे आहेत?' एवढंच तुटक उत्तर आलं की त्याला वाटतं आपल्याला हाकललं. हाकललेलं नसतं, तो पॅच कोणीतरी खरोखर वाचलेला असतो. हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवं. दुर्गापूरच्या लिनक्स गटातून निघालेल्या 'डीजीप्लग'च्या ऑनलाइन उन्हाळी वर्गांत 2008 पासून हेच करतात: कोडच्या आधी प्रश्न कसा विचारावा, निरोप कसा लिहावा, इतरांचं बोलणं कसं वाचावं. असे वर्ग मराठीत हवेत. या पुस्तकाचा एक मोठा भाग त्याच गरजेपोटी लिहिला गेला आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळं ओझं मेंटेनरच्याच डोक्यावर. ते खरंच तिथे आहे, म्हणून त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये गिटहबवरचे 133 लोकप्रिय प्रकल्प तपासले, तेव्हा 65 टक्के प्रकल्प असे निघाले की एक किंवा दोन माणसं दूर झाली तर काम ठप्प होईल. मराठी भाषांतरांचं पाहा: फायरफॉक्ससाठी कोणीही मराठी सूचना पाठवू शकतो, पण ती मान्य करायला भाषेचा जाणकार लागतो, आणि असे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. भाषाप्रेमी पाठवतात शंभर, वाचायला एक.

एकट्या माणसाच्या थकव्याची किंमत काय असू शकते हे एक्सझेडच्या प्रकरणाने दाखवलं. फाइली दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि तिला सांभाळत होता एकच माणूस, हौसेने, बिनपगारी. 2021 पासून 'जिया तान' या नावाने कोणीतरी मदत पाठवू लागलं. दुसऱ्या काही नावांनी, कामं रखडतात म्हणून मेंटेनरवर दबाव येऊ लागला. आपली मनःस्थिती ठीक नाही असं त्याने सर्वांसमक्ष सांगितलं होतं. शेवटी त्या मदतनिसाला अधिकार मिळाले आणि फेब्रुवारी 2024च्या आवृत्तीत चोरदरवाजा बसला. 29 मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीला आणला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पिच्छा पुरवता पुरवता. यावरून नवख्यांवर संशय घ्या, असा धडा काहींनी काढला. मला तो उलटा वाटतो. त्या लायब्ररीत चार प्रामाणिक माणसं वेळेवर तयार झाली असती, तर दबावाला बळी पडायला एकटा कोणी उरलाच नसता. अधिकार मात्र सावकाश, टप्प्याटप्प्याने आणि एकाहून अधिक जणांच्या संमतीने द्यावेत.

आता यात यंत्राने लिहिलेल्या मजकुराची भर पडली आहे. कर्ल या ओपन सोर्स प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून जाहीरपणे सांगत आहेत की एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला अस्खलित पण आतून पोकळ सुरक्षा-अहवाल त्यांचा वेळ खातात. पूर्वी मोडक्या इंग्रजीतला पॅच पाहिला की एवढं तरी कळायचं की समोर धडपडणारा माणूस आहे. आता गुळगुळीत इंग्रजीमागे कोण आहे ते कळत नाही. म्हणून नवख्याने एआयची मदत घेतली तर तसं सांगावं, आणि जे स्वतःला समजावून सांगता येत नाही ते पाठवू नये, असा आग्रह या पुस्तकात धरला आहे. मेंटेनरचा विश्वास हीच आता सर्वांत दुर्मीळ चीज आहे.

पुस्तक दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी आहे. नवख्यांनी उत्तरार्ध आधी वाचला तरी चालेल. तिथे बिल्ड मोडल्यावर काय करायचं, प्रश्न कसा मांडायचा, उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी आठवण करायची, अशा बिनभपक्याच्या गोष्टी आहेत. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी मात्र पहिल्या पानापासून वाचावं, आणि वाचण्याआधी एक करावं. आपल्या रिपॉझिटरीत प्रथमच आलेल्या माणसांच्या किती पुल रिक्वेस्ट उत्तराविना पडून आहेत ते पाहावं. सर्वांत जुनी उघडावी आणि दोन ओळी का होईना, तिला आज उत्तर द्यावं. घ्यायची नसेल तर का नाही, तेवढं सांगून बंद करावी.